डोळा नंतर, आधी पाय!

तिरंदाजी म्हटलं की आपल्याला आठवतो तो अर्जुन. झाड दिसत नाही, फांदी दिसत नाही, दिसतो फक्त पक्ष्याचा डोळा. अभ्यासाला न बसणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट घरी एकदा तरी ऐकवली गेली आहे. पण मित्रमैत्रिणींनो, उद्या तुम्ही खरंच एखाद्या तिरंदाजी केंद्रावर गेलात, तर चांगला प्रशिक्षक ‘काय दिसतंय?’ असं विचारणार नाही. तो आधी तुमच्या पायांकडे बघेल. मग खांदे, मग कोपर. लक्ष्याचा तो रंगीत कागद तर सुरुवातीला लावायचाच नाही. पाच मीटरवर कोरा ठोकळा ठेवायचा आणि बाण सोडत राहायचं. कुठे लागला, हा प्रश्नच नाही.

आज हा विषय काढायचं कारण आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनला साताऱ्याची १७ वर्षांची आदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे एकाच दिवशी कंपाउंड प्रकारात जगज्जेते झाले. ओजसने अंतिम सामन्यात १५ बाणांत १५० पैकी १५० गुण घेतले. त्याआधी फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव टोकियो ऑलिम्पिकला जाऊन आला होता. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये आतापर्यंतच्या रिकर्व्हसोबत कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धाही असणार आहे. हे सगळं बघून ‘आपणही करून बघू’ असं वाटलं, तर उत्तमच. फक्त त्यानंतरचा पहिला प्रश्न असतो ‘धनुष्य केवढ्याला मिळेल?’ आणि दुसरा ‘किती पाउंडाचं घेऊ?’ आमचं म्हणणं एवढंच, की इथेच अर्ध्याअधिक जणांचा नेम चुकतो.

हे पाउंड म्हणजे काय? दोरी पूर्ण ओढून धरायला लागणारा जोर. ४० पाउंडाचं धनुष्य म्हणजे दर बाणाला साधारण १८ किलो. रिकर्व्हच्या पात्रता फेरीत ७२ बाण असतात. हिशेब करा, एका फेरीत जवळपास १,३०० किलो ओढून होतात, आणि तेही तीन बोटांवर. रीलमध्ये दिसतो तो एकच बाण. उरलेले ७१ दिसत नाहीत.

जड धनुष्य हौसेने घेतलं की काय होतं? पहिले दहा बाण बरे जातात. मग पुढचा खांदा कानाकडे चढतो, कंबर मागे कलते, हात थरथरतो आणि बाण लवकर सुटतो. शरीर तेच शिकतं आणि पुढे ती सवय मोडायला महिने जातात. खांदा दुखावला, तर खेळच सुटतो. ‘अंथरूण पाहून पाय पसरावेत’ ही म्हण इथे तंतोतंत लागू पडते. नवशिक्यासाठी १८ ते २४ पाउंड पुरेसे असतात. प्रशिक्षकासमोर, बाण लावून, ठोकळ्याकडे तोंड करून दोरी पूर्ण ओढा, दहा सेकंद स्थिर धरा आणि न सोडता सावकाश परत आणा. हे सलग पाच-सहा वेळा जमत नसेल, तर ते धनुष्य अजून तुमचं नाही. आणि एक सक्त नियम: बाण न लावता ओढलेली दोरी कधीच सोडायची नाही. बाणात जायची सगळी ताकद धनुष्यातच फुटते. ते मोडू शकतं, जवळच्यांना इजा होऊ शकते.

आता थोडं गणित. रिकर्व्हचं लक्ष्य ७० मीटरवर असतं आणि दहा गुणांचं वर्तुळ १२.२ सेंटीमीटरचं. डोळ्यापासून साईटची पिन साधारण ९० सेंटीमीटरवर. बाण सुटताना ती पिन एक मिलिमीटर हलली, तर लक्ष्यावर फरक पडतो जवळपास आठ सेंटीमीटरचा. म्हणजे मधोमध धरलेला नेमही दहाच्या बाहेर! इतका बारीक फरक नुसता डोळा रोखून सांभाळता येत नाही. तो सांभाळला जातो दर वेळी तेच आणि तसंच करण्यातून. पाय तिथेच, पकड तशीच सैल, दोरी हनुवटीला आणि नाकाला त्याच जागी टेकलेली, ओढ दंडाची नाही तर पाठीची. बाण सुटल्यावरही हात क्षणभर तिथेच. म्हणून जाणकार सुरुवातीला गुण मोजत नाहीत, बाणांचा झुपका बघतात. सहा बाण डावीकडे कोपऱ्यात पण एकमेकांना खेटून लागले असतील, तर आनंद माना. साईट थोडी सरकवली की तो झुपका मधे येतो. एक बाण दहात आणि पाच चहूकडे, हे मात्र नुसतं नशीब.

साधनं महत्त्वाची नाहीत, असं नव्हे. बोटांनी दोरी सोडली की बाण आधी वाकतो, मग सरळ होत जातो. तो किती वाकावा, याचं माप तुमच्या ओढीशी जुळावं लागतं. म्हणून मित्राचे बाण उसने घेऊ नका, आखूड बाण तर मुळीच नको. कंपाउंडच्या टोकांवर चाकं असतात. पूर्ण ओढल्यावर हातावर मूळ जोराचा साधारण तिसरा-चौथा हिस्साच उरतो, म्हणून नेम निवांत धरता येतो. पण स्टॅबिलायझर, क्लिकर, भिंगाची साईट ही सगळी साधनं आधीच असलेली स्थिरता जपतात. नसलेली स्थिरता विकत मिळत नाही. ‘नाचता येईना, अंगण वाकडं’ म्हणत दर महिन्याला नवं साधन लावणारे कमी नाहीत.

आणि इथेच आमची एक मागणी कॉलेजांच्या जिमखान्यांकडे आहे. स्पर्धेच्या रिकर्व्ह धनुष्याचा मधला दांडा आणि वरखालची पाती वेगळी होतात. दांडा तोच ठेवून हलकी-जड पाती बदलता येतात. मग एखाद्या पदकवाल्यासाठी एकच महागडं धनुष्य घेण्यापेक्षा दोन-तीन साधे दांडे आणि हलक्या पात्यांचे चार-पाच जोड घ्या. डझनभर मुलं आळीपाळीने शिकतील. बाण मात्र ज्याच्या त्याच्या मापाचे. सोबत जाणकार प्रशिक्षक, मागे भक्कम आडोसा आणि शिट्टीची शिस्त. हा खेळ कर्ज काढू शकणाऱ्या घरांपुरता उरू नये, असं वाटत असेल तर सुरुवात इथून करावी लागेल. मुलाच्या हौसेपोटी आईबापांनी हप्त्यावर धनुष्य घ्यायचं आणि खांदा दुखला म्हणून ते सहा महिन्यांत माळ्यावर जायचं, यात कुणाचंच भलं नाही.

शेवटी या खेळातलं सगळ्यात अवघड कौशल्य सांगतो. बाण सोडणं नव्हे, न सोडणं. वैयक्तिक सामन्यात एका बाणाला २० सेकंद मिळतात. ओढलं, नेम धरला, पण आत कुठेतरी बिनसलंय हे कळलं, तर समोर घड्याळ पळत असताना दोरी परत आणायची आणि पहिल्यापासून सुरू करायचं. इतकं ओढलंच आहे तर सोडून टाकू, हा मोह भल्याभल्यांना आवरत नाही. टाळ्या सुटलेल्या बाणाला मिळतात, परत आणलेल्या बाणाचे गुण कुठेच लिहिले जात नाहीत. पण सामना पुष्कळदा त्यानेच वाचतो.

तेव्हा येत्या आठवड्यात जिमखान्यात जा आणि विचारा, ‘हलकी पाती आहेत का?’ नाहीत म्हणाले, तर पाच जणांच्या सह्यांचा अर्ज द्या. आणि आहेत म्हणाले, तर कागद न लावता सुरुवात करा.