तारेवरची कसरत

महिनाअखेरीस जमाखर्च जुळवितांना 'तारेवरची कसरत' हा शब्दप्रयोग आपण गृहिणी सहज करून जातों. खऱ्या तारेवरची कसरत केवढी जिवावरची असते, हें मात्र परवां बोईसरला आमच्या घरीं मुलांसमवेत 'मॅन ऑन वायर' हा जेम्स मार्श यांचा २००८ सालचा माहितीपट पाहिला, तेव्हां कळलें.

७ ऑगस्ट १९७४ च्या सकाळीं न्यूयॉर्कच्या ११० मजली जुळ्या मनोऱ्यांमध्यें, सुमारें ४०० मीटर उंचीवर, फिलिप पेती नांवाचा चोवीस वर्षांचा फ्रेंच तरुण पोलादी तारेवर पाऊण तास वावरला. खालीं जाळें नाहीं, कमरेला दोर नाहीं. आठ खेपा झाल्या. मध्येंच तो तारेवर आडवाहि झाला. यामागें सहा वर्षांचा ध्यास होता. परवानगी नव्हतीच, म्हणून मित्रांसह रात्रीं चोरून सामान वर चढविलें आणि पहिली दोरी धनुष्यबाणानें पलीकडे पोंचविली. पोलिसांनीं पकडलें खरें, पण मुलांसाठीं मोफत खेळ करावा एवढ्यावर खटला मिटला. ते मनोरे २००१ सालीं नष्ट झाले. पडद्यावर ती सकाळ मात्र तशीच आहे.

हातांतल्या लांब दांड्यामुळें तोल जाऊं लागला तरी शरीर सावकाश कलतें व सावरण्यास क्षणभर अवधि मिळतो, हें मी मुलांना समजावीत होतें. तोंच धाकटी म्हणाली, "आई, पालघरच्या स्टेशनाबाहेर त्या डोंबाऱ्याच्या मुलीजवळहि अशीच काठी होती!"

होती खरी. बांबूंच्या कैच्यांवर ताणलेला दोर, खालीं ढोलकी वाजविणारा बाप, आणि डोक्यावर तांब्या तोलीत चालणारी सातआठ वर्षांची पोर. मीं दहा रुपये टाकले आणि आपण कांहीं दिलें या समाधानांत गाडी गाठली. तिचें नांव विचारावें असें मनांतहि आलें नाहीं. पेतीचें नांव मात्र आतां घरांत सर्वांस पाठ आहे.

कसब तेंच, परंतु पेती ध्यासापोटीं चढला, ती पोर पोटासाठीं. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांस मोफत शिक्षणाचा हक्क २००९ च्या कायद्यानें दिला; सर्कशींत मुलांना कामास लावण्यास सर्वोच्च न्यायालयानें २०११ सालीं मनाई केली. रस्त्यावरच्या त्या दोरापर्यंत यांतलें कांहींच पोंचलेलें दिसलें नाहीं.

पुन्हां ती भेटली तर पैसे देईनच. पण खेळ संपेपर्यंत थांबेन, आणि ती खालीं उतरली कीं तिचें नांव व शाळा विचारीन. धाकटीनें तसें माझ्याकडून कबूल करून घेतलें आहे.