कल्पनेतल्या रेल्वेलाही खडी खरी लागते

वेल्ह्याला रेल्वे नाही. भोरलाही नाही. इंग्रजांनी ज्याला 'भोर घाट' म्हटलं तो खंडाळ्याचा बोरघाट. १८६३ साली तिथून गाडी वर चढली, पण तो आपल्या भोर गावापासून बराच लांब. चेलाडी फाट्यावरून एसटी पकडा, नसरापूर, मार्गासनी, विंझर करत तोरण्याच्या पायथ्याला उतरा. वाटेत एकही रूळ ओलांडावा लागत नाही, एकही फाटक लागत नाही.

म्हणूनच यंदा गॅदरिंगच्या प्रदर्शनात वेल्ह्याला नेणाऱ्या नॅरोगेज रेल्वेचा लेआउट करायचा विषय हॉस्टेलमध्ये निघाला तेव्हा सगळ्यांनाच मजा वाटली. स्टेशनच्या पाटीवर 'वेल्हे' लिहायचं की 'राजगड' यावर मेसमध्ये दोन रात्री वाद झाला. (तालुक्याला राजगड नाव द्यायचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ साली घेतला, गाव मात्र वेल्हेच आहे. त्यामुळे माझं मत 'वेल्हे'ला!) पण खरा वाद वेगळाच आहे, आणि त्यासाठीच हा लेखनप्रपंच.

वाद खडीचा आहे. एक गट म्हणतो, "इंजिन पळालं की बास. खडीबिडी म्हणजे डेकोरेशन, शेवटच्या रात्री मत्स्यालयातले खडे ओतू." दुसरा गट म्हणतो, "खडी टाका, पण रुळांना गंजाचा रंग कशाला? परीक्षकांना वाटेल जुनाट माल आणलाय." मला दोन्ही म्हणणी पटत नाहीत. का, ते सांगतो.

आधी खडीचं बघू. रुळाखालची खडी शोभेची नसते. गाडीचं वजन चाकातून रुळावर, रुळातून स्लीपरवर आणि स्लीपरमधून खडीवर येतं. खडी ते पसरवून खालच्या मातीला सोसेल इतकं करते. पावसाचं पाणी तिच्या फटींतून निघून जातं. आणि तिसरं काम तर आपल्या लक्षातही येत नाही. खडी स्लीपरला जागेवरून हलू देत नाही. एक किलोमीटर मोकळा रूळ घ्या, तापमान ४० अंशांनी वाढू द्या, तो सुमारे ४६ सेंटिमीटर लांब व्हायला बघेल. (पहिल्या वर्षाच्या फिजिक्सचं गणित आहे, करून पाहा.) सलग जोडलेल्या लांब रुळांना मे महिन्यात वाकडं होण्यापासून अडवतात ते स्लीपर आणि त्यांना घट्ट धरून बसलेली खडी. म्हणून तर ती टोकदार लागते. नदीतले गोल गोटे एकमेकांवरून घसरतात, क्रशरमधून फुटलेले दगड एकमेकांत अडकतात. एवढं काम करणारी गोष्ट 'डेकोरेशन' कशी?

आता माप. आपला लेआउट १:८७ चा. रेल्वेची खडी साधारण २० ते ६५ मिलिमीटरची असते. भागिले ८७ केलं की उत्तर येतं पाव ते पाऊण मिलिमीटर. म्हणजे मॉडेलवरची खडी ही खरं तर बारीक वाळू! मत्स्यालयातला साडेतीन मिलिमीटरचा खडा ८७ ने गुणा, तो ३० सेंटिमीटरचा धोंडा होतो. गडाच्या तटाला शोभेल, रुळाखाली नाही. बघणाऱ्याला नेमकं काय चुकलंय ते सांगता येणार नाही, पण 'खेळणं आहे' हे त्याला लगेच कळेल.

गंमत म्हणजे यासाठी लागणारं सगळं कॉलेजातच आहे. सिव्हिलच्या लॅबमध्ये चाळण्यांचा संच असतो. ६०० मायक्रॉनच्या चाळणीतून पडलेली आणि ३०० मायक्रॉनच्या चाळणीवर अडकलेली क्रशरची कच घेतली, तर मोठ्या जगातलं तिचं माप येतं २६ ते ५२ मिलिमीटर. अगदी हवं तेच! शिवाय आपल्या भागातला दगड म्हणजे काळा बेसॉल्ट, रुळाखालची खडीही त्याचीच. रंग देण्याचीही गरज नाही. एकच पथ्य. बेसॉल्टच्या भुकटीत मॅग्नेटाइटचे कण असतात. ते इंजिनाच्या मोटरमधल्या चुंबकाला चिकटले तर मोटर गेलीच म्हणून समजा. त्यामुळे कच वापरण्याआधी तिच्यातून दोन-तीनदा चुंबक फिरवायचं. ज्याला हे काम कंटाळवाणं वाटतं त्याने चुंबकाला लागलेली काळी मिशी एकदा बघावी. चार वर्षांत जिऑलॉजीचं एवढं चांगलं प्रॅक्टिकल होणार नाही.

खडी पसरायची रीत सोपी आहे, घाई मात्र चालत नाही. रुळाखाली ३ मिलिमीटरचा कॉर्क शीट लावायचा. खऱ्या मार्गावर स्लीपरखाली ३० सेंटिमीटर खडीचा थर धरतात, त्याचे ८७ ने भागून साडेतीन मिलिमीटरच होतात. कच चमच्याने टाकायची, मऊ ब्रशने स्लीपरच्या माथ्यावरून खाली सारायची. मग पाणी फवारायचं, त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब हवाच. साबण नसेल तर पृष्ठताणामुळे पाणी कणांवर गोळा होऊन बसतं आणि खडी उचलून नेतं. साबण घातला की ते निमूट आत शिरतं. त्यावर निम्मं पाणी घातलेलं फेव्हिकॉल ड्रॉपरने सोडायचं आणि रात्रभर हात लावायचा नाही. जिथे सांधे बदलतात त्या पात्यांजवळ एक थेंबही नको. तिथे गोंद गेला की गाडी आयुष्यभर एकाच मार्गाने जाणार!

आता गंज. गंजाला 'घाण' म्हणणाऱ्यांना माझी विनंती आहे की एकदा जेजुरी किंवा नीरेच्या प्लॅटफॉर्मवर उभं राहून (उभं राहूनच, रुळात उतरून नव्हे) नीट बघा. रुळाचा माथा चाकांनी घासून आरशासारखा झालेला असतो, कडा मात्र तपकिरी. ज्या सायडिंगला गाडी क्वचित जाते तिथे माथाही तपकिरी. इंजिन जिथे थांबतं तिथे तेलाचा काळा डाग. कुठे मधेच खडीचा ताजा, करडा पट्टा दिसला तर तिथे नवी खडी पडली आहे. आणि जिथे खडीतून चिखल वर आलाय तिथे पाण्याचा निचरा बिघडलाय, तो रूळ दुखणं सांगतोय. रोज पाठीवर हत्यारं घेऊन मैलोन्मैल चालणारा ट्रॅकमन हेच वाचत जातो. पावसाळी रात्री बॅटरी घेऊन गस्त घालतानाही तो हेच बघतो. त्याच्याकडे आपली डिग्री नाही, पण डाग वाचायची त्याची नजर आपल्याला कुठल्या सेमिस्टरला शिकवतात?

म्हणून मी म्हणतो, गंज ही घाण नाही, ती नोंद आहे. अमेरिकेत जॉन अ‍ॅलन नावाचा मॉडेलकार होऊन गेला (निधन १९७३). नव्या कोऱ्या मॉडेलला मळवून, झिजवून खरं करण्याबद्दल तो जगभर ओळखला गेला. त्याच्या काळातही लोकांना महागडी गाडी मुद्दाम मळवणं वेडेपणा वाटला असणारच. आपल्याला त्यासाठी फक्त तपकिरी आणि काळ्या रंगाची पातळ मिसळण, एक बारीक ब्रश आणि नंतर रुळाचा माथा पुसायला स्पिरिटचं फडकं पुरे. माथा पुसायला विसरलात तर वीज चाकापर्यंत पोचणार नाही आणि गाडी उभी राहील. म्हणजे मॉडेलवरही माथा चमकता आणि कडा गंजलेल्या हव्यात, नेमक्या खऱ्यासारख्या!

"पण रेल्वेच मुळात खोटी आहे ना, मग एवढं खरं कशाला?" हा प्रश्न परवा एकाने विचारला आणि तो चांगला आहे. माझं उत्तर असं, की कल्पना करायला आपण मोकळे आहोत, पण कल्पना एकदा केली की तिचे नियम पाळायला लागतात. ७६२ मिलिमीटरचं नॅरोगेज, म्हणजे बार्शी लाइटचं गेज, १:८७ मध्ये पावणेनऊ मिलिमीटर होतं, म्हणून ९ मिलिमीटरचा तयार ट्रॅक चालतो. वेल्ह्याचा पाऊस धरला तर ऑगस्टमध्ये कडेच्या खडीवर हिरवं शेवाळ हवं. गाड्या थोड्या, तर सायडिंग गंजलेलं हवं आणि त्यात गवत हवं. आपण खोटं एकच सांगतोय, की इथे रेल्वे आली. बाकी सगळं खरं असेल तरच ते एक खोटं पटेल.

आणि ते कुणाला पटवायचंय? परीक्षकांना नाही. प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी तालुक्यातल्या शाळांची पोरं येतात. त्यांतल्या काहींनी अजून रूळ जवळून पाहिलेला नसतो. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशींनी छंदातून उभं केलेलं मिनिएचर रेल्वेचं म्युझियम आहे, १ एप्रिल १९९८ ला ते सुरू झालं. पुण्यातल्या पोरांना ते रिक्षाने गाठता येतं, पानशेतच्या पलीकडच्या पोराला नाही. त्याच्यासाठी आपलं टेबल हीच पहिली रेल्वे. त्याने विचारलं, "दादा, हे दगड कशाला?" तर "शोभेला" असं सांगणार आहोत का आपण?

बाजारात तयार प्रोजेक्ट मिळतात हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. चकचकीत असतात, बटण दाबलं की चालतात, आणि व्हायवात दुसऱ्या प्रश्नाला उताणे पडतात. खडी हाताने चाळलेल्या मुलाला दुसराच काय, दहावा प्रश्न विचारला तरी चालेल.

तेव्हा सिव्हिलच्या सरांना नम्र विनंती, की एका शनिवारी दुपारी चाळण्या द्याव्यात. धुऊन, पुसून, क्रमाने लावून परत करू. आणि हॉस्टेलच्या मित्रांनो, कच मी आणतो. चुंबक फिरवायला दोघं लागतील. ज्यांचं जर्नल पूर्ण आहे त्यांनीच नाव द्यावं... म्हणजे बहुतेक मला एकट्यालाच बसावं लागणार!