धूम्रपान कक्षातील न मोजलेली हवा

जबलपूरच्या विजय नगरात माझ्या घराजवळच्या एका उपाहारगृहात काचेची एक खोली धूम्रपानासाठी राखून ठेवलेली आहे. दार आपोआप मिटते, बाहेर हिंदी व इंग्रजी फलक आहे, छताजवळ हवा बाहेर फेकणारा पंखा आहे. गेल्या मे महिन्यात मी तेथे गेलो तेव्हा तो पंखा बंद होता. कारण विचारता व्यवस्थापक म्हणाला, ‘साहेब, पंखा लावला की एसीचा सगळा थंडावा बाहेर जातो.’ तेवढ्यात एक वेटर चहाचे पेले घेऊन त्याच दारातून आत गेला.

या खोलीमागे कायद्याने दिलेली सवलत आहे. 2003 च्या तंबाखू नियंत्रण कायद्याच्या चौथ्या कलमाने सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास बंदी केली. मात्र 30 खोल्यांची हॉटेले, 30 वा अधिक आसनांची उपाहारगृहे आणि विमानतळ यांना स्वतंत्र धूम्रपान कक्षाची मुभा ठेवली. 2 ऑक्टोबर 2008 पासून अमलात आलेल्या नियमांनी या कक्षाचे वर्णन केले: चहूबाजूंनी छतापर्यंत भिंती, बंद राहणारे दार, थेट इमारतीबाहेर जाणारी हवा, बाकी इमारतीपेक्षा कमी हवेचा दाब. आत धूम्रपानाखेरीज अन्य कोणतीही सेवा देऊ नये, असेही बजावले. चहा नेणारा तो वेटर, म्हणजे, नियमानुसार तेथे असायलाच नको होता.

पण हे वर्णन आकड्यांविना आहे. तासाला हवा किती वेळा बदलावी, दाबातील फरक किती असावा, तो कोणी व कधी तपासावा, हे नियमांत नाही. शिवाय हवा बाहेर फेकणारी यंत्रणा ‘किंवा’ हवा शुद्ध करणारी यंत्रणा, अशी निवड मालकावर सोपवली आहे. शासकीय सेवेत असे ‘किंवा’ मी पुष्कळ पाहिले. अंमलबजावणी बहुधा तेथूनच गळते. दंड आकारणाऱ्या अधिकाऱ्याच्या हाती पावतीपुस्तक असते, दाब मोजण्याचे साधन नसते.

यंत्र अधिक चांगले केले तर? उत्तम प्रतीचा हेपा फिल्टर 0.3 मायक्रॉनचे 99.97 टक्के कण अडवतो, हे खरे. परंतु धुरात वायूही असतात. सक्रिय कोळशाचा थर त्यांतील काही शोषतो, काही काळाने तृप्त होतो, आणि कार्बन मोनॉक्साइडपुढे तो जवळजवळ निरुपयोगी ठरतो. दाबाचा फरक दार उघडताच मोडतो. बाहेर पडणाऱ्या माणसामागोमाग धूरही येतो. हवा भरपूर बदलायची, तर थंड केलेली हवा सतत बाहेर टाकावी लागते. आमच्याकडच्या उन्हाळ्यात त्याचे वीजबिल कोण भरणार? तो व्यवस्थापक लबाड नव्हता, हिशेबी होता.

वायुवीजन हाच ज्यांचा व्यवसाय, त्या अभियंत्यांची अमेरिकेतील संस्था ‘अ‍ॅशरे’ हिने 2005 मध्येच भूमिका घेतली, की घरातील धुराचा आरोग्यधोका खरोखर नाहीसा करावयाचा असेल, तर धूम्रपान बंद करणे हाच मार्ग आहे. 2007 साली बँकॉक येथे जागतिक तंबाखू नियंत्रण कराराच्या सदस्य देशांनी स्वीकारलेल्या मार्गदर्शक तत्त्वांतही वायुवीजन, हवा गाळणे आणि राखीव कक्ष हे तिन्ही उपाय अपुरे ठरवले आहेत. भारत त्या कराराचा सदस्य होता. तरी वर्ष पुरे होण्याआधी, मे 2008 मध्ये, आपण हेच उपाय नियमांत लिहिले.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून येथे एक विसंगती जाणवते. या लढ्याचा आरंभ कोणत्याही सवलतीतून झाला नव्हता. 1999 मध्ये केरळ उच्च न्यायालयाने सार्वजनिक धूम्रपानास उपद्रव ठरवले. मुंबईचे मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 2 नोव्हेंबर 2001 रोजी इस्पितळे, शाळा, न्यायालये, रेल्वे आदी ठिकाणी बंदीचा आदेश दिला. विचार होता तो धूम्रपान न करणाऱ्याच्या जिवाचा. संसदेपर्यंत पोहोचताना त्यात 30 आसनांची अट शिरली. परिणामी बसस्थानकावर विडी ओढणाऱ्यास 200 रुपयांचा दंड, आणि वातानुकूलित काचेआड बसणाऱ्यास कायद्याचे संरक्षण. विडी उद्योगासाठी ओळखल्या जाणाऱ्या आमच्या शहरात हा भेद अधिकच डोळ्यांत भरतो.

सवलत मूळ कायद्यातच असल्याने नुसते नियम बदलून ती जाणार नाही. दुरुस्ती संसदेनेच करावी लागेल. केंद्राच्या 2015 आणि 2020 च्या मसुद्यांत हे कक्ष रद्द करण्याचा प्रस्ताव होता. 2020 चा मसुदा आक्षेप व सूचनांसाठी प्रसिद्धही झाला, पुढे त्याचा कायदा झाला नाही. उपाहारगृहचालकांचा व्यवसायहानीचा आक्षेप ऐकून घ्यावा. पण ज्याला आत जाऊन राखदाणी पुसावी लागते, त्या नोकराने आक्षेप कोणाकडे नोंदवावा, हे कोठेच लिहिलेले नाही.

तोवर राज्य शासनाने निदान स्थानिक परवाने देताना दाबाची मोजणी, पंखा चालू असल्याची नोंद आणि आत सेवेस मनाई या तीन अटी तपासाव्यात. ज्यांना त्या परवडणार नाहीत, त्यांनी ती खोली बंद करावी.