पडद्यामागची झडती

विमानतळावर बाईची झडती बाईच घेते, तीही पडद्याआड. मग तक्रार कसली, असं विचारणारे पुष्कळ भेटतात, त्यात चळवळीतले पुरुषही असतात. आम्हाला उघड्यावर हात पसरून उभं राहावं लागतं, तुम्हाला निदान आडोसा आहे, असं वर ऐकवतात. हा आडोसा कशासाठी आहे ते नीट पाहायला हवं. बाईच्या अंगाला परपुरुषाचा हात लागू नये, त्याची नजर पडू नये, एवढ्यावरच व्यवस्थेची बाईच्या प्रतिष्ठेची कल्पना संपते. अब्रू झाकली की काम झालं. पडद्याच्या आत त्या बाईशी कसं वागलं जातं, हे विचारायची कुणाला गरज वाटत नाही.

आमच्याबरोबर काम करणाऱ्या एका कार्यकर्तीचा पाय मांडीतून कापलेला आहे. परिषदेला जाताना एका विमानतळावर तिला कृत्रिम पाय काढायला सांगितलं. पाय काढायचा म्हणजे काय, हे सांगणाऱ्याला ठाऊक नसावं. मांडीपर्यंतचा पाय चपलेसारखा निघत नाही. त्यासाठी सलवार उतरवावी लागते, कमरेचा पट्टा सोडावा लागतो, मग सॉकेटमधून मांडीचा उरलेला भाग मोजासकट बाहेर ओढावा लागतो. पडद्याआड बसायला खुर्ची नव्हती. भिंतीला धरून ती एका पायावर उभी राहिली. तिचा पाय ट्रेमध्ये ठेवून, लोकांच्या पर्स आणि बुटांच्या रांगेत, सगळ्यांच्या देखत क्ष-किरण यंत्रातून गेला. पडदा होता, झडती घेणारी बाईच होती. नियमात काहीच कमी पडलं नव्हतं म्हणे.

ऑक्टोबर २०२१ मध्ये नृत्यांगना सुधा चंद्रन यांनी पंतप्रधानांना उद्देशून एक व्हिडिओ प्रसिद्ध केला. १९८१ च्या अपघातानंतर त्यांचा पाय कापावा लागला होता. दर वेळी विमानतळावर कृत्रिम पाय काढायला लावतात, हे त्यांचं गाऱ्हाणं होतं. केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाने दिलगिरी व्यक्त केली आणि सांगितलं की नियमानुसार कृत्रिम अवयव अपवादात्मक परिस्थितीतच काढायला लावायचा असतो. मग हा अपवाद दर वेळचा कसा झाला? आणि टीव्हीवर ओळखीचा चेहरा असूनही ही गत, तर जिला कोणी ओळखत नाही तिची दिलगिरी कोण व्यक्त करणार?

सुधा चंद्रन यांनी ज्येष्ठ नागरिकांसारखं एखादं कार्ड मागितलं होतं. त्यांचा वैताग पूर्ण समजतो, पण कार्डाची मागणी मला पटत नाही. कार्ड म्हणजे पुन्हा सवलत, आणि सवलत देणाऱ्याच्या मर्जीवर चालते. शिवाय सवलतवाल्यांची यादी या देशात आधीच आहे. राष्ट्रपती, पंतप्रधान, राज्यपाल, मुख्यमंत्री यांची झडती होत नाही. एका बड्या राजकीय घराण्याच्या जावयाचं नावसुद्धा त्या यादीत होतं, ते २०१५ मध्ये निघालं. आपल्याला त्या यादीत जायचं नाही. तपासणी व्हावी, सगळ्यांची व्हावी. पण कापडी पट्टी पायावरून पुसून स्फोटकांचा अंश शोधणारं यंत्र उपलब्ध असताना बाईला विवस्त्र कशासाठी करायचं? पट्टी यंत्रात घातली की थोड्या वेळात निकाल मिळतो. पाय काढायला आणि पुन्हा चढवायला त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो.

कायद्याचा आधारही आपल्या बाजूने आहे. कोलकात्याच्या जीजा घोष २०१२ मध्ये अपंगांच्या प्रश्नावरच्या परिषदेसाठी गोव्याला निघाल्या होत्या. त्यांना सेरेब्रल पाल्सी आहे, एवढ्यावरून विमानात बसल्यावर त्यांना उतरवलं गेलं. त्या लढल्या. मे २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना १० लाख रुपये नुकसानभरपाई दिली. त्याच प्रकरणात डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने म्हटलं की सुरक्षा तपासणीत कृत्रिम अवयव किंवा कॅलिपर काढायला लावू नयेत आणि अपंग व्यक्तीला तिच्या संमतीशिवाय उचलू नये. दिव्यांग म्हणून गौरवायचं आणि रांगेत पाय काढून घ्यायचा, हा दुटप्पीपणा न्यायालयाला दिसला, तो आपल्याला दिसायला काय हरकत आहे?

स्तनाच्या कॅन्सरच्या शस्त्रक्रियेनंतर कृत्रिम स्तन वापरणाऱ्या बाईला चाचपणाऱ्या हातासमोर आपला आजार सांगावा लागतो. ट्रान्स स्त्रीला आधी रांगेपाशीच अडवतात, पडदा तर पुढची गोष्ट. २०१४ च्या निकालाने स्वतःची ओळख स्वतः ठरवण्याचा हक्क तिला दिला, तरी.

झडती घेणाऱ्या बाईला मी शत्रू मानत नाही. ती पाळीभर उभी असते, रांग पुढे सरकत नाही म्हणून वरून ओरडा खाते, आणि मांडीतून कापलेल्या पायाची तपासणी कशी करायची हे तिला बहुधा कुणी धडपणे शिकवलेलं नसतं. आपलं भांडण तिला न शिकवणाऱ्यांशी आहे.

प्रवासाआधी तयारी करा, हा उपदेश मात्र बायकांनाच केला जातो. लवकर जा, सैल कपडे घाला, डॉक्टरांचं पत्र बरोबर ठेवा. हे सगळं करावंच लागतं, त्याला इलाज नाही. पण ही तयारी एकटीवर का? तिकीट काढणाऱ्या संघटनेनेच विमान कंपनीला आधी लेखी कळवावं आणि त्या पत्राची प्रत तिच्या हातात द्यावी. तपासणीच्या जागी तिने सुरुवातीलाच सांगावं: माझा पाय कृत्रिम आहे, पट्टीने तपासा, बंद खोली आणि खुर्ची द्या, माझी मैत्रीण बरोबर राहील. तरीही काढायला लावलं तर कारण विचारावं, अधिकाऱ्याला बोलवायला सांगावं, वेळ आणि नाव टिपून घ्यावं. तक्रार नागरी विमान सुरक्षा ब्युरोकडे जावी, एक प्रत पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे. तिच्या एकटीच्या सहीने नव्हे, संघटनेच्या कागदावर, आणि त्याच आठवड्यात.