पावती आणि पट

गणेशोत्सवात आमच्या भागातली मराठी शाळा मंडपाबाहेर टेबल मांडते. मुलांनी केलेल्या कागदी पिशव्या, शेजारी देणगीचा डबा. "मराठी शाळा जगली पाहिजे हो!" म्हणत मंडळी पन्नासाची नोट सरकवतात. स्वतःची पोरं मात्र इंग्रजी शाळेत! १९१९ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली. तिला लोकांनी मूठमूठ धान्य दिलं नि पोरंही दिली. आपण नुसती मूठ देतो. अहो, डबा भरून पंखे येतील. पण पट घसरला की वाराही कुलपालाच! पावती फाडताना बाईंनी नुसतं विचारावं, "धाकटा यंदा पहिलीत ना?" देणगीदाराला लगेच आरतीची घाई होते.