एक बातमी, दोन कट्टे

सकाळी पेपर उघडला की आमचे पहिले वाक्य ठरलेले: 'बघा, पुन्हा आमच्याच विरोधात!' मोहल्ल्यातल्या हॉटेलात चहाबरोबर ते फुकट मिळते. चार गल्ल्या पलीकडच्या कट्ट्यावर त्याच पेपरला 'मुसलमानांचे लाड करणारा' म्हणतात. अंक एकच, मथळाही एकच.

सप्टेंबर १९८२ मध्ये बैरूतच्या साब्रा आणि शातिला छावण्यांत पॅलेस्टिनी निर्वासितांची कत्तल झाली. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातील व्हॅलोन, रॉस आणि लेपर या संशोधकांनी तिच्या टीव्हीवरील बातम्या १४४ विद्यार्थ्यांना दाखवल्या. इस्रायलच्या बाजूच्यांना त्या इस्रायलविरोधी वाटल्या, अरबांच्या बाजूच्यांना इस्रायलधार्जिण्या. ज्याची माहिती जास्त, त्याला पक्षपातही जास्त दिसला. १९८५ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला.

असला दाखला आमच्या तोंडावर फेकून म्हणतात, 'तुम्हाला नुसते वाटते हो!' नुसते वाटते? २०२० साली टाळेबंदीत तबलिगी जमातीवर रोगाचे खापर फुटले. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २९ परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले. छापील आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांतून या परदेशी लोकांविरुद्ध मोठा प्रचार झाला, त्यांना बळीचा बकरा करण्यासाठी निवडले गेल्याची शक्यता दिसते, असे न्या. नलावडे यांनी निकालात लिहिले. हे आमच्या हॉटेलातले वाटणे नव्हे. न्यायालयाचा कागद आहे.

पण त्याच कागदाचे आम्ही काय केले? ती दोन वाक्ये मोबाइलवरून गावभर फिरवली. खंडपीठातल्या दुसऱ्या न्यायमूर्तींना, न्या. सेवलीकर यांना, गुन्हे रद्द करणे मान्य होते. निकालातल्या काही निरीक्षणांबद्दल मात्र त्यांनी वेगळे मत नोंदवले. ते कुणी फिरवले? हेच दुसऱ्या कुणी आमच्या बाबतीत केले असते तर आम्ही त्याला पक्षपाती म्हटले असते, आणि बरोबरच म्हटले असते. आपल्या बाजूची अर्धी बातमी आम्हाला पुरी वाटते. परक्याची पुरी बातमीही अर्धी वाटते. मग आमची खरी तक्रारसुद्धा रडगाण्यात जमा होते, आणि हे नुकसान फक्त आमचे. पलीकडच्या कट्ट्याचे काय जाते?

हॉटेलात ओरडणे सोपे आहे. मथळा कापून, तारीख घालून, चूक नेमकी कुठे ते दोन ओळींत संपादकाला कळवायला बूड टेकावे लागते. २०२० सालचे एक तरी कात्रण आहे का, म्हणून आम्ही आमच्याच गल्लीत विचारून पाहिले. सगळे रद्दीवाल्याकडे गेले होते.