राजा दोषी असेल, पण न्याय कोठें आहे?

संस्थानिकाचा कैवार घेणें आम्हांस सहसा जड जातें. कारण रयतेला कस्पटासमान लेखणाऱ्या राजांची आपल्या देशांत कधींच वाण नव्हती. तथापि नाभ्याचे महाराज रिपुदमनसिंग यांची हकीकत एका राजापुरती नसून कायद्याच्या मुळाशीं जाणारी आहे, म्हणून ती वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

गादीवर येण्यापूर्वीं हे बड्या लाटांच्या कायदे कौन्सिलांत होते. शिखांच्या आनंद विवाहाचें बिल १९०८ सालीं त्यांनींच मांडलें. पुढें अकाली चळवळीविषयीं त्यांची सहानुभूति उघड झाली; सरकारच्या मर्जींतून उतरण्यास एवढें पुरेसें होतें. अशांत शेजारच्या पतियाळाशीं तंटा विकोपास गेला, न्यायमूर्ति स्टुअर्ट यांच्या चौकशींत नाभ्यावर ठपका आला, आणि जुलै १९२३ मध्यें महाराजांनीं कारभार सोडला. सरकारनें यास स्वेच्छेचा त्याग म्हटलें. मान अडकल्यावर दिलेल्या रुकाराला संमति म्हणावयाचें, तर दरोडेखोरास दिलेल्या थैलीला दानधर्म कां म्हणूं नये?

कोणी म्हणेल, दोषी राजा गेला तर रयतेचें काय बिघडलें? पण रयतेस विचारलें कोणी? राजाच्या जागीं इंग्रज अधिकारी आला. जैतो येथें सप्टेंबर १९२३ मध्यें अखंड पाठ मोडला गेला, आणि २१ फेब्रुवारी १९२४ रोजीं अकाली जथ्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. महाराजांची पदवी १९२८ सालीं काढून घेऊन १८१८ च्या तिसऱ्या रेग्युलेशनखालीं त्यांस कोडाइकनालास नेऊन ठेवलें; तेथेंच १९४२ सालीं त्यांचा अंत झाला.

या रेग्युलेशनास ना आरोपपत्र लागे, ना साक्षीपुरावा. असल्याच एका मुंबई रेग्युलेशनाचा प्रताप पुण्यानें १८९७ सालीं नातू बंधूंच्या अटकेंत पाहिला होता. पंचवीस रुपयांच्या उधारीच्या दाव्यांतहि प्रतिवादीस समन्स पोंचतें व त्याचें म्हणणें ऐकून घेतात. मग माणसाच्या उभ्या आयुष्याची किंमत त्याहून कमी कशी? महाराज निर्दोष होते, असें आमचें म्हणणें नाहीं. दोष होता तर तो उघड न्यायासनापुढें शाबीत करावयाचा होता.

राजे गेले, लाटहि गेले. पण चौकशीवांचून माणूस कोंडण्याची सोय प्रत्येक सत्तेस गोडच वाटते. नावडत्यासाठीं बांधलेल्या कोठडीला आवडत्याचें वावडें नसतें, हें आज टाळ्या वाजविणारांनीं विसरूं नये.